माती न लावता उतरलेला पैलवान

शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं थोडं रान आहे. मागच्या हंगामात उसावर औषध मारायला पहिल्यांदाच ड्रोन बोलावला. तो घेऊन आलेला पोरगा विशीतला. बांधावरच्या आंब्याखाली उभं राहून त्यानं टाकी भरली, बॅटरी बसवली, रिमोटच्या पडद्यावर रानाचे चार कोपरे टिपले आणि यंत्र आपसूक वर गेलं. दहा-बारा मिनिटांत एकर उरकला. हेच काम पाठीवर पंप घेऊन करायचं तर डोक्यावर गेलेल्या उसात शिरावं लागतं, पाती अंगाला कापतात, औषध नाकातोंडात जातं. माझ्या चुलतभावाला त्यापायी एकदा दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. म्हणून सावलीत उभ्या त्या पोराला बघून मला मनापासून बरं वाटलं.

शेजारच्या रानात एक काकी वैरण कापत होत्या. डोक्यावरची घरघर ऐकून विळा हातात घेऊनच त्या बांधावर आल्या. "त्यातनं मी दिसतो व्हय रं?" पोरानं पडदा त्यांच्यापुढं धरला. ड्रोन माघारी वळला तसा पडद्यावर बांध आला, आणि बांधावर लुगड्याचा एक ठिपका. काकींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "तू हितं उभारलायस म्हणून बरं बाबा. न्हाईतर कोण बघतंय ते मला कुठनं कळायचं?"

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण कोण बघतंय हे न कळताच गेलेल्या एका बाईची गोष्ट मी वाचलेली होती. २४ ऑक्टोबर २०१२. पाकिस्तानातलं उत्तर वझिरिस्तान, ईद तोंडावर आलेली. एक म्हातारी आपल्या शेतात भेंडी तोडत होती, नातवंडं आसपास होती. अमेरिकी ड्रोनच्या क्षेपणास्त्रानं ती जागच्या जागी गेली, नातवंडं जखमी झाली. वर्षभरानं तिचा शिक्षक मुलगा दोन पोरांना घेऊन वॉशिंग्टनला गेला आणि अमेरिकी काँग्रेसच्या मोजक्या सदस्यांपुढं बसला. तेरा वर्षांच्या नातवानं तिथं सांगितलं, की त्याला आता निळं आभाळ आवडत नाही. ढगाळ आवडतं. ढग असले की ड्रोन उडत नाहीत.

उन्हाची तिरीप यावी म्हणून वाट बघणारी आपली पोरं आठवा, आणि मग या पोराचं म्हणणं पुन्हा वाचा.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला लढणं म्हणजे काय हे तालमीत कळतं. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ मध्ये उभं केलं, तेव्हापासून हजारो कुस्त्या त्या मातीनं पाहिल्या. कुस्ती लागण्याआधी जे होतं ते बाहेरगावच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वस्ताद आधी जोड बघतो. वजन, वय, तयारी. जोड नसेल तर कुस्ती लावतच नाहीत, कारण विजोड कुस्तीत जिंकणाऱ्यालाही काही मिळत नाही. मग दोघं हौद्यात उतरतात, सलामी देतात, वाकून मूठभर माती घेतात आणि एकमेकांच्या अंगावर टाकतात. ती माती कशासाठी? घामानं निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसावी म्हणून. म्हणजे समोरच्याला आपल्याला धरता यावं, याची सोय पैलवान आपणहून करून देतो. अंगाला तेल चोपडून कुणी उतरलाच, तर त्याला अंग पुसून यायला लावतात. मग तो केवढाही ताकदीचा असो.

ड्रोनच्या लढाईबद्दल माझं जे म्हणणं आहे ते या मातीत आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, क्रीचच्या हवाई तळावर, पडद्यासमोर बसून हजारो किलोमीटरवरच्या माणसाला मारणारा आणि संध्याकाळी गाडी चालवत घरी जेवायला जाणारा सैनिक वाईट असतो, असं मला म्हणायचं नाही. त्यातल्या कित्येकांची झोप उडाली, कित्येकांनी नोकरी सोडली. पण त्यांना पाठवणारी सत्ता अंगाला तेल लावून मैदानात उतरली आहे. तिच्यावर शत्रूची पकड बसत नाही हे तर झालंच. तिच्या स्वतःच्या माणसांचीही पकड सुटत चालली आहे, आणि मला जास्त घोर त्याचा आहे.

तत्त्वज्ञानात यावर चांगलीच झटापट झालेली आहे. एरवी माणूस मारणं हा खून. मग सैनिकाला तो अधिकार आला कुठून? अमेरिकी विचारवंत मायकेल वॉल्झर आणि त्यांच्या वाटेनं जाणाऱ्यांचं उत्तर असं, की दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या जिवाला धोका असतात, म्हणून दोघांनाही तो अधिकार मिळतो. अमेरिकी कायदेपंडित पॉल कान यांनी २००२ मध्येच यातली मेख दाखवली. एका बाजूचा धोका पार नाहीसा झाला, तर मारण्याचा तो आधारही डळमळतो. मग उरते ती एक प्रकारची पोलिसी कारवाई. पण पोलिसाला आधी गुन्हा आणि गुन्हेगार ओळखावा लागतो, पुरावा लागतो, कोर्ट लागतं. फ्रेंच विचारवंत ग्रेग्वार शामायू त्याही पुढं गेले. त्यांच्या मते याला लढाई म्हणूच नये, ही शिकार आहे, कारण एकजण फक्त लपतो आणि दुसरा फक्त शोधतो.

उलट बाजूनं अमेरिकी तत्त्वज्ञ ब्रॅडली स्ट्रॉसर यांचा २०१० मधला युक्तिवाद आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काम न्याय्य असेल आणि ते आपल्या माणसाचा जीव धोक्यात न घालता होत असेल, तर उगीच त्याला मरणाच्या दारात पाठवणं हेच अनैतिक. सुरुंग निकामी करायला यंत्र असताना जवानाला पाठवाल का? माझ्या चुलतभावाच्या पाठीवर पुन्हा पंप द्याल का? मी देणार नाही. आमच्या तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. नावातच सारं आलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथली पोरं फौजेत जातात. कुस्तीचे नियम पाळायचे म्हणून त्यातल्या एकाही पोरानं मरावं, असं सांगण्याची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. जवानाचा जीव वाचतो हे चांगलंच आहे, आणि ते चांगलं आहे हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पण स्ट्रॉसर यांच्या वाक्यातला पहिला शब्द बघा. 'काम न्याय्य असेल तर.' ते न्याय्य आहे की नाही, हे आजवर कोण विचारत होतं? टाकळीसारखी गावं विचारत होती. पूर्वी तार यायची, आता फोन येतो. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, शाळेच्या पटांगणात सारा गाव जमतो, आणि रात्री पारावर कुणीतरी हळू आवाजात विचारतंच, "कशापायी गेला?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल ही भीती दिल्लीत असो की वॉशिंग्टनमध्ये, सत्तेला असतेच. युद्धाला लगाम घालणाऱ्या गोष्टींत या भीतीइतकी जुनी आणि खरी गोष्ट दुसरी नाही. ज्याला युद्धाची किंमत द्यावी लागते त्यानं होकार द्यावा, मगच युद्ध व्हावं, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९५ मध्ये सुचवलं ते याच कारणानं. पेटी येणंच थांबलं तर पारावरचा प्रश्नही थांबतो. मग दूरच्या कुठल्यातरी डोंगरात महिन्याला चार ठिकाणी क्षेपणास्त्रं पडत राहतात आणि आपण पेपरचं ते पान उलटून पुढं जातो.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात प्रिडेटर ड्रोननं पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. मग येमेन झालं, २००४ पासून पाकिस्तान, पुढं सोमालिया. यातल्या काही देशांशी युद्ध कधी जाहीरच झालं नव्हतं. काही हल्ले तर माणूस कोण आहे हे माहीत नसताना, निव्वळ त्याच्या हालचालींच्या ठेवणीवरून झाले. अखेर जुलै २०१६ मध्ये ओबामा सरकारनं आकडे दिले. २००९ ते २०१५ या काळात युद्धभूमीबाहेर ४७३ हल्ले, त्यांत मेलेले निरपराध ६४ ते ११६. बाहेरच्या संस्थांची मोजणी याच्या कितीतरी पट होती, पण तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. सरकारचाच आकडा धरला तरी ६४ आणि ११६ यांत बावन्न माणसांचं अंतर आहे. आपण मारलेली बावन्न माणसं निरपराध होती की नाही, किंबहुना मेली की नाही, हेच मारणाऱ्याला सांगता येत नाही. आणि मार्च २०१९ मध्ये ट्रम्प सरकारनं तर हे आकडे दरवर्षी देण्याची अटच काढून टाकली.

ड्रोनच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं की तो अचूक असतो. आंधळेपणानं टाकलेल्या बॉम्बपेक्षा अचूक, हे खरंच आहे. पण नेम अचूक असणं वेगळं आणि माहिती खरी असणं वेगळं. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये एका पांढऱ्या मोटारीवर तासन्‌तास नजर ठेवून क्षेपणास्त्र सोडलं गेलं. ते त्याच मोटारीवर, ठरवलेल्या ठिकाणीच पडलं. नेमात तसूभर चूक नव्हती. मोटार एका मदतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाची होती, आणि स्फोटकं समजून ज्याच्याकडे बघितलं ते पाण्याचे कॅन होते. दहा जण गेले, त्यांतली सात लहान मुलं. सुरुवातीला लष्करानं हा हल्ला योग्य असल्याचं सांगितलं. वार्ताहरांनी माग काढल्यावर तीन आठवड्यांच्या आत चूक कबूल केली, आणि डिसेंबरात जाहीर केलं की यात कुणालाही शिक्षा होणार नाही.

इथं आपल्याच घरातून एक आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. गनिमी कावा तरी दुसरं काय होता? शिवाजी महाराजांनी समोरासमोर जोड बघून लढाया केल्या असत्या, तर स्वराज्य उभंच राहिलं नसतं. दुबळ्यानं चाल खेळायची, अंधार, खिंड, पाऊस यांना आपल्या बाजूनं उभं करायचं, ही आपलीच शिकवण. मग ताकदवानानं यंत्र वापरलं तर बिघडलं कुठं?

बिघडलं ते असं. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले, ती चालच होती. पण त्या चालीत शिवा काशीद पालखीत बसून मरणाला सामोरा गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले आणि तिची पावनखिंड झाली. चाल खेळणाऱ्यांनी आपलं अंग राखून ठेवलेलं नव्हतं. त्याच वेढ्यातला दुसरा एक प्रसंग मात्र आपण पोवाड्यात फारसा ऐकत नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन त्यांचा म्होरक्या, नव्या बनावटीची तोफ आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले आणि आपलं निशाण फडकावत पन्हाळ्यावर गोळे टाकू लागले. त्यांचं महाराजांशी वैर नव्हतं, उलट मैत्रीची बोलणी होती. त्यांच्याकडे चांगलं हत्यार होतं आणि गिऱ्हाईक मिळालं होतं. महाराजांनी ते विसरून सोडून दिलं नाही. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीवर चाल करून त्यांनी रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैद केलं. हत्यार पुरवलंत, चालवलंत, आता जाब द्या. पन्हाळा माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या तटावर उभं राहिलं की मला बाजीप्रभूंइतकाच हा जाबही आठवतो.

कीर्तनात शतकानुशतकं चालत आलेला वालीचा प्रश्नही हाच. समोर न येता, झाडाआडून बाण का मारलास? रामानं दिलेलं उत्तर पटतं की नाही, यावर कीर्तनकारांचे आणि श्रोत्यांचे आजही दोन तट पडतात. पण बाण लागल्यावर राम झाडाआडून बाहेर आला. मरणाऱ्या वालीसमोर उभा राहिला, त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं. वझिरिस्तानच्या त्या शेतात कोण आलं?

म्हणून माझा भर असमतोलावर नाही. असमतोल युद्धात कायमच होता. १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानला ब्रिटिशांच्या तोफा आणि मॅक्झिम मशीनगनांपुढं एका सकाळीत दहा हजारांहून जास्त माणसं पडली आणि ब्रिटिश बाजूची पन्नासच्या आत. माझा भर आहे तो पकडीवर. ज्यानं जोखीम सोडली त्यानं तितकीच जबाबदारी अंगावर घेतली पाहिजे. जवानाला सुरक्षित ठेवलंत, उत्तम. मग मारलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवा. चूक झाली तर नाव घेऊन कबूल करा, भरपाई द्या आणि हुकूम कुणी दिला ते सांगा. देहानं द्यायची किंमत टळली असेल तर ती हिशेबानं द्यायला हवी.

आणि हे परोपकार म्हणून सांगत नाही. आभाळ कुणा एकाच्या मालकीचं राहत नाही, हे गेल्या पाच-सहा वर्षांत साऱ्यांना दिसलं आहे. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात अझरबैजाननं तुर्की आणि इस्रायली ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे टिपले आणि त्यांच्या चित्रफिती राजधानीत मोठ्या पडद्यांवर दाखवल्या. युक्रेनमध्ये तर काही शे डॉलरचं यंत्र लाखो डॉलरचा रणगाडा फोडू लागलं. १ जून २०२५ ला युक्रेननं ११७ ड्रोन ट्रकांत लपवून रशियात आतवर नेले आणि पार सायबेरियातल्या तळावरची बॉम्बफेकी विमानं जाळली. श्रीमंताचं हत्यार गरिबाच्या हाती आलं, तर झाली की बरोबरी, असं वाटेल. मलाही क्षणभर वाटलं होतं. पण युक्रेनमधलं खेरसोन शहर बघा. नीपर नदीपलीकडून रशियाचे ड्रोन येतात आणि सायकलवरच्या, बसस्टॉपवरच्या, बाजारातून परतणाऱ्या माणसाच्या मागं लागतात. चालवणाऱ्याला पडद्यावर तो माणूस स्पष्ट दिसत असतो. तिथले लोक याला माणसांची सफारी म्हणतात, आणि मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं याला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं. सैनिकाच्या अंगावरची जोखीम नाहीशी झालीच नाही. ती उतरून पिशवी घेऊन निघालेल्या माणसाच्या डोक्यावर बसली.

आपल्याकडेही ती आली आहे. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोननं स्फोटकं टाकली. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, एका रात्रीत पाकिस्ताननं ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडल्याचं आपल्या सरकारनं सांगितलं. त्या दिवसांत पंजाबात फिरोजपूरजवळच्या एका घरातली माणसं भाजली. आपल्या सैन्यानं यातले बहुतेक पाडले, त्याचा मला अभिमान आहे. आपणही अशी यंत्रं घेत आहोत. अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. शेजार असा आहे की घ्यावेच लागतील. घेऊ नका असं मी म्हणणार नाही.

मग एका गोष्टीचा मात्र मनाला त्रास होतो. माणूस मारण्याचा निर्णय पूर्णपणे यंत्रावर सोपवायचा का, हा प्रश्न आता दारात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत अशा स्वयंचलित शस्त्रांची दखल घेणारा ठराव आला. १५२ देशांनी बाजूनं मत दिलं. विरोधात चार, आणि त्या चारांत आपण होतो, रशिया आणि बेलारूसच्या ओळीत. या विषयाची चर्चा दुसऱ्या व्यासपीठावर आधीच चालू आहे, तिथंच ती व्हावी, अशी आपली भूमिका होती. तीत तथ्य असेलही. पण त्या मताबद्दल कोल्हापुरात, सांगलीत, साताऱ्यात, जिथल्या पोरांनी ही शस्त्रं उद्या चालवायची आहेत तिथं, मला एक सभा झालेली आठवत नाही. उसाच्या दरासाठी आम्ही रस्ता अडवतो, आंदोलनाला उभे राहतो, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ताळेबंदातली एकेक ओळ विचारतो. आमच्या नावानं कुठल्या यंत्राला मारण्याचा अधिकार दिला जातोय, हे मात्र विचारत नाही.

विचारायला हवं, आणि आपल्या खासदाराला विचारायला हवं. हल्ल्याचा शेवटचा हुकूम माणसाचाच असेल आणि त्या माणसाचं नाव नोंदलं जाईल, असा कायदा देशात आहे का? सीमेपलीकडं चुकून कुणी निरपराध मेला, तर त्याची चौकशी मारणाऱ्या दलाबाहेरचं कुणी करेल का? गुप्तता लागते हे मान्य, पण काही वर्षांनी तरी संसदेपुढं आकडा येईल का? सैनिक टाकळीतला निवृत्त सुभेदारही हे प्रश्न विचारू शकतो, त्यानं विचारल्यानं फौजेचा मान कमी होत नाही. हात बांधून मान खाली घालणारी फौज आपल्याला नकोच आहे. वस्तादासमोर ताठ उभी राहून झाली ती चाल सांगणारी हवी.

आपल्याकडे याची सुरुवात झालेलीच नाही, असं नाही. ती वेगळ्याच ठिकाणी झाली आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं शेतीच्या ड्रोनला त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असावा लागतो आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र. त्या दिवशी काम संपल्यावर पोरानं यंत्र पुसून पेटीत ठेवलं, मला पावती फाडून दिली. तिच्यावर त्याचं नाव, मोबाइल नंबर, गट नंबर, औषधाचं नाव आणि वेळ होती. काकी तोवर भारा डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्या वैरणीवर चुकून औषध उडालं असतं, तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं हे त्यांना ठाऊक होतं.